ठरावाने झालेली म्हातारी

मी म्हातारी कधी झाले ते मला नेमकं सांगता येतं. फेब्रुवारीतला गुरुवार होता, दुपारची वेळ होती आणि नगरपालिकेच्या सभागृहात कारंज्यावर मतदान सुरू होणार होतं. बाकीच्या बायका हळूहळू म्हाताऱ्या होतात, आज एक दात, उद्या एक गुडघा. मी उभी राहिले तेव्हा तरुण होते आणि खाली बसले तेव्हा म्हातारी. सभेच्या इतिवृत्तात तसं लिहिलेलं आहे. खाली शिक्काही आहे.

आमची वस्ती पेत्रोआरा गावाच्या वरच्या अंगाला, नदी वळते तिथे. आम्ही रोमा, त्यातही तांबट. माझा नवरा बुर्चा दारू गाळायची तांब्याची भांडी घडवायचा. त्याचा बाप तेच करायचा आणि त्याच्या बापाचा बाप ती भांडी घोडागाडीत घालून अर्ध्या रोमानियात फिरायचा. खाली गावात गाजे राहायचे, म्हणजे जे रोमा नाहीत ते सगळे. आमचं त्यांच्याशी भांडण नव्हतं. ते आमच्या भांड्यांत आलुबुखाराची दारू गाळायचे आणि आम्ही ती प्यायचो, इतपत घरोबा होता. नळ मात्र त्यांच्या शेवटच्या घरापाशी येऊन थांबला होता. पाण्याला चढ झेपत नाही, असं नगरपालिकेचे लोक सांगायचे. तोच चढ दोन बादल्या घेऊन आमच्या सुनांना झेपायचा.

त्या सभेच्या आदल्या वर्षी द्राक्षं उतरल्यावर माझ्या मुलाचं, रिस्त्याचं, लग्न झालं आणि लुलुदी घरात आली. तिच्याआधी आमच्या घरात दोनच आवाज होते, बुर्चाचा हातोडा आणि बुर्चाचं घोरणं. मला मुलगी नाही. लुलुदी आली ती गातच आली. पीठ मळताना गायची, चुलीत लाकडं सारताना गायची आणि घाबरली की हसायची. हे शेवटचं जरा अडचणीचं होतं. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून मामालिगाचं अख्खं पातेलं सासऱ्याच्या बुटांवर उलटलं. ती इतकी हसली, इतकी हसली, की अखेर बुर्चाही मक्याच्या त्या गरम लगद्यात उभ्या उभ्या हसायला लागला. माझ्या नवऱ्याला मी त्याआधी हसताना पाहिलं होतं ते आमच्या लग्नात, आणि तेही माझा बाप घोड्यावरून पडला म्हणून. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, या पोरीला आता कुठे जाऊ द्यायचं नाही.

पण घरातलं धुणं सुनेकडे. आणि आमच्या धुण्याची तऱ्हा वेगळी. कमरेवरचे कपडे वेगळे, कमरेखालचे वेगळे. सदरे, डोक्याचे रुमाल, टेबलावरचं कापड हे तांब्याच्या टोपात. घागरे, विजारी, मोजे हे पत्र्याच्या टोपात. पाणी वेगळं, साबण वेगळा, वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. हे सोवळं ज्या घरात मोडतं त्या घरात कोणी कॉफीचा घोटदेखील घेत नाही आणि त्या घरच्या पुरुषाशेजारी कोणी बसत नाही. म्हणजे नदीवर दोन फेऱ्या, दोनदा बर्फ फोडायचा, दोनदा पाणी तापवायचं. नाताळ उलटेपर्यंत लुलुदीचे हात झाडाच्या सालीसारखे झाले. गाणं तिनं थांबवलं नाही, पण मधल्या ओळी गाळायला लागली.

रिस्त्याचा चुलतभाऊ इटलीत होता. त्यानं फोनवर सांगितलं, इकडे नळ फिरवला की गरम पाणी, आणि वॉशिंग मशीन म्हणशील तर लोक रस्त्यात टाकून देतात, पाहिजे तेवढी उचल.

रिस्त्या मला म्हणाला, "आई, ईस्टर झाला की आम्ही निघतो."

"किती दिवसांसाठी?"

"हिचे हात बरे होईपर्यंत."

"आणि मग येणार?"

रिस्त्या आपल्या बुटांकडे बघायला लागला. इटलीला गेलेलं आमच्यातलं कोणी सणाखेरीज परत दिसलं नव्हतं, आणि सणाला आलं तरी चार दिवस गाडी दाखवून जायचं. लुलुदी चुलीपाशी उभी होती. तिला हसू फुटलं. मला कळलं, पोरगी घाबरलीय. तिलाही जायचं नव्हतं.

आता नगरपालिकेचं सांगते. तिच्या बजेटमध्ये दर वर्षी एक ओळ असायची, "रोमा समावेशन". हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा वस्तीतल्या बायकांना वाटलं, लस टोचायची असेल, आणि आम्ही पोरं लपवली. नंतर कळलं, तसं काही नाही. त्या ओळीतून एप्रिलमध्ये एक मंडप पडायचा, झेंडा लागायचा, नगराध्यक्ष प्लेशा भाषण करायचे आणि गावचं बँडपथक आम्हालाच आमची गाणी वाजवून दाखवायचं, सूर सोडून. शेवटी सगळ्यांना एकेक बिस्किट. झालं समावेशन, पुढच्या एप्रिलपर्यंत बघायला नको. पण त्या वर्षी देशाला युरोपियन युनियनमध्ये शिरायची घाई होती. वरून हुकूम आला, की हा पैसा लोक मागतील त्यावरच खर्च करा, लोकांना बोलावून विचारा, आणि विचारल्याचे फोटो पाठवा.

बुर्चा आमच्या वस्तीच्या वतीनं बोलायचा. आवाज मोठा, टोपी त्याहून मोठी. पुरुषांना खरं म्हणजे आपल्या गाड्यांसाठी डांबरी रस्ता हवा होता. पण सभेआधीचा अख्खा आठवडा वस्तीतल्या एकाही घरात जेवणात मीठ पडलं नाही. बुर्चा सभेत उठला आणि म्हणाला, "धुणंघर. गरम पाण्याचं."

प्लेशांना कल्पना फार आवडली. धुणंघराला फीत लावता येते, रस्त्याला ती कुठे बांधणार. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि हात हातात घेऊन फोटो काढला. बुर्चा घरी आला तेव्हा त्याच्या ताटात इतकं मीठ होतं की त्यानं मुकाट्यानं पाणी मागितलं.

महिनाभरानं बजेटचा मसुदा नगरपालिकेच्या फलकावर लागला. लुलुदी आठवीपर्यंत शिकलेली. आम्ही सगळ्याजणी तिला पुढे घालून गेलो. ती वाचत होती आणि आम्ही ऐकत होतो. "एक खोली, पक्की, छपरासह." आम्ही टाळ्या वाजवल्या. "नळजोड." आम्ही एकमेकींच्या कमरेत हात घालून गिरकी घेतली. "पाणी तापवायचा बंब." बीबी साफ्तानं तर फलकाचीच पापी घेतली. बीबी म्हणजे आमच्यात मावशी, आणि ही बीबी सगळ्या वस्तीची मावशी, सोन्याच्या दातांची, अक्रोडाच्या सालीनं वेण्या काळ्या करणारी. "आणि एक वॉशिंग मशीन, मोठं, इस्पितळात असतं तसं."

आमची गिरकी अर्ध्यात थांबली.

"किती म्हणालीस?" बीबीनं विचारलं.

"एक."

"नीट बघ. मागच्या बाजूला दुसरं असेल."

लुलुदीनं फलकाच्या मागे जाऊन पाहिलं. भिंत होती. ती हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

एका मशीनमध्ये आम्ही काय घालणार? आधी सदरे घातले आणि मग कोणी घागरा टाकला, की संपलं, त्यात पुन्हा सदरा घालता येणार नाही. आधी घागरा घातला तर त्याच दिवशी संपलं. शिवाय कोणी कधी काय टाकलं, यावरून वस्तीत रोज डोकी फुटली असती. ते मशीन इस्पितळाएवढं असो की चर्चएवढं, आमच्या उपयोगाचं नव्हतं.

मी बुर्चाला म्हटलं, "जा आणि सांग, दोन हवीत."

"का म्हणून विचारलं तर?"

"खरं ते सांग."

बुर्चा कानापर्यंत लाल झाला. "नगराध्यक्षांसमोर? त्या घागऱ्यांचं?"

अडचण तिथेच होती. कमरेखालच्या कपड्यांचं नाव आमच्यात पुरुष काढत नाहीत, आणि पुरुषांसमोर बायका काढत नाहीत. घरात नवरा-बायकोत चालतं, तेही दार लावून. आमचा नियम काय आहे हे सांगायचं, तर तो नियम मोडूनच सांगायला हवं. बुर्चा तरी गेला, बिचारा. परत आला तेव्हा टोपी हातात होती, म्हणजे काम झालं नव्हतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, का दोन? मी म्हटलं, हवीत म्हणून. म्हणाले, काही कारण? मी म्हटलं, आहे. म्हणाले, मग सांगा. मी म्हटलं, हवामान बरं आहे यंदा."

"असं म्हणालास तू?"

"दुसरं काही सुचेना."

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. गावात बोललं जायला लागलं, की या लोकांना एक दिलं तर दोन मागतात. दोब्रे नावाचा नगरसेवक होता, चौकात त्याचं मांसाचं दुकान. त्याला दुकानासमोर कारंजं हवं होतं, तीन रंगांच्या दिव्यांचं. त्यानं ठराव मांडला, की ज्यांना दिलेलं पटत नाही त्यांच्यावर पैसा वाया का घालवायचा, त्या ओळीतून कारंजं करू, रोमांनाही बघता येईल. गुरुवारी मतदान ठरलं. रिस्त्यानं इटलीच्या बसची चौकशी केली.

एकच वाट होती. आमच्यात म्हातारीला सगळं चालतं. म्हातारी झालेली बाई पुरुषांत बसते, पाइप ओढते, घागऱ्याचं नाव काढते, आणखी कशाचंही काढते, आणि पुरुषांनी माना खाली घालून ऐकायचं असतं. पण म्हातारपण वयावर ठरत नाही. आपण होऊन चारचौघांत रंगीत रुमाल सोडायचा आणि काळा बांधायचा, तेव्हा ती म्हातारी. एकदा बांधला की परत फिरणं नाही. मग लग्नांत नाचायचं नाही, लाल घागरा नाही, वेणीत नाणी नाहीत.

आम्ही बीबी साफ्ताकडे गेलो. तिला पणतू होते.

"बीबी, गुरुवारी तू बोल."

"मी? मी का?"

"तुला चालतं म्हणून."

"मला काय चालतं?" बीबीनं वेणी पुढे घेतली. "मी काय म्हातारी आहे?"

एकजण हळूच म्हणाली, "बीबी, तुझा नातू आजोबा व्हायला आलाय."

"त्याचा तो म्हातारा झाला. त्यात माझा काय दोष?" बीबी म्हणाली. "परवाच बाजारात घोडेवाला माझ्याकडे बघत होता."

"तू त्याच्या घोड्याच्या शेपटीवर उभी होतीस, बीबी."

बीबीनं आम्हाला कॉफीसुद्धा दिली नाही. बाकीच्या म्हाताऱ्या दोन होत्या, एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरी मुलाकडे इटलीला.

गुरुवारी आम्ही सगळे गेलो. तिथेही आधी तमाशा झालाच. सभागृह वरच्या मजल्यावर. आमच्यात बाईनं रोमा पुरुषाच्या डोक्यावरून चालायचं नाही, मधे छत असलं तरी. म्हणून आम्ही चढायच्या आधी खालचा मजला रिकामा हवा. बुर्चा खोल्याखोल्यांतून ओरडत फिरला, "आपलं कोणी आहे का रे आत?" घरपट्टीच्या खिडकीपाशी एकजण होता, जन्मदाखल्याला दोघे आलेले, आणि एक संडासातून विजार सावरत निघाला. सगळे टोप्या धरून रस्त्यावर पळाले. गाज्यांना यातलं काही लागत नाही, त्यांना तसंच राहू दिलं. दारावरचा शिपाई बुर्चाच्या मागे धावत विचारत होता, "आग कुठे लागलीय? निदान ते तरी सांगा."

वर पुरुष पुढच्या बाकांवर बसले, आम्ही मागच्या. लुलुदी माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात धरला तेव्हा मला तिच्या बोटांच्या भेगा लागल्या. मी माझा लाल रुमाल बांधला होता, सोनेरी किनारीचा. माझं वय पन्नाशीच्या अलीकडे होतं आणि त्या वस्तीत माझ्यासारखी नाचणारी दुसरी नव्हती. हे मी नाही म्हणत, लोक म्हणायचे. उन्हाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न होतं आणि मी घागऱ्याचं कापडही आणून ठेवलं होतं.

दोब्रे उठला. "मंडळी, एक मशीन दिलं, दोन मागितली. उद्या म्हणतील इस्त्रीला बाई द्या. परवा म्हणतील घड्या घालायला नगराध्यक्ष द्या."

सभागृह हसलं. प्लेशाही हसले, मग त्यांनी हसू आवरलं. "बुर्चाजी, शेवटचं विचारतो. दोन कशासाठी?"

बुर्चा उठला. त्यानं छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"हवामान," बुर्चा म्हणाला आणि बसला.

"ठीक आहे," प्लेशा म्हणाले. "कारंज्याच्या बाजूनं ज्यांना मत द्यायचंय त्यांनी हात वर करा."

लुलुदीला हसू यायला लागलं. तिनं ओठ दाबले, खांदे हलायला लागले, आणि ते दाबलेलं हसू माझ्या हाताला कळत होतं. हिच्याशिवाय ते घर, पुन्हा तो हातोडा आणि ते घोरणं. मी उभी राहिले.

"थांबा," मी म्हटलं. "मी म्हातारी आहे."

वर जाणारे हात हवेत थांबले. प्लेशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, वयाचा दाखला शेजारच्या खोलीत मिळतो."

"झाम्फिरा, खाली बस," बुर्चा पुढच्या बाकावरून म्हणाला. "तू कुठली म्हातारी?"

"आजपासून."

"मला विचारलं नाहीस."

"तुझं पोट सुटलं तेव्हा तू मला विचारलंस?"

मी लाल रुमाल सोडला. आमचे सगळे लोक उठून उभे राहिले. गाज्यांना वाटलं, राष्ट्रगीत आहे की काय, म्हणून तेही अर्धवट उठले. आता बांधायला काळा रुमाल हवा, आणि मागच्या तीन बाकांवर लाल, पिवळा, हिरवा, जांभळा सोडून रंग नव्हता. मी बीबी साफ्ताकडे पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं.

"माझ्याकडे काळं काही नाही," बीबी म्हणाली. "मी वापरतच नाही."

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या हिशेबनीस आउरिकाबाईंनी गळ्यातला काळा स्कार्फ काढला आणि हातोहात मागे पाठवला. "हा घ्या," त्या म्हणाल्या. "नवऱ्यानं दिलेला आहे. मला तसाही आवडत नव्हता."

मी तो बांधला. आणि काय सांगू, गाठ बसली तशी जीभच सुटली.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या घरी मामालिगा कशात शिजते?"

"पातेल्यात," प्लेशा म्हणाले.

"त्या पातेल्यात तुमचे मोजे उकळले तर चालतील?"

"पातेलं नंतर नीट घासलं तर..."

"साहेब," आउरिकाबाई म्हणाल्या.

"नाही," प्लेशा म्हणाले. "नाही चालणार."

"मग आमचंही तेच. कमरेवरचं एका पाण्यात, कमरेखालचं दुसऱ्या." आणि मग मी सगळी नावं घेतली. घागरे म्हटलं, परकर म्हटलं, विजारी म्हटलं, बाळंतिणीचे कपडे म्हटलं. एकेक नाव निघालं तशा आमच्या पुरुषांच्या टोप्या खाली यायला लागल्या, आणि लंगोट म्हटल्यावर पुढच्या बाकावर नुसत्या टोप्याच उरल्या, चेहरा एकही नाही. "एका मशीनमध्ये हे दोन्ही घालून आमच्या घरी कोणी जेवणार नाही. तुम्ही एक दिलंत तर आम्ही त्याला झालर लावू, फुलं वाहू, पण कपडे नदीवरच धुवू. ही माझी सून. हिचे हात बघा. लुलुदी, दाखव."

लुलुदीनं हात वर केले. आउरिकाबाईंनी ते पाहिले आणि त्या समोरच्या कागदाकडे वळल्या. "माझ्या आजीकडे पाय पुसायचे टॉवेल एका दोरीवर असायचे आणि ताटं पुसायचे दुसऱ्या," त्या म्हणाल्या. "आजोबांनी एकदा उलटं केलं. वर्षभर दोरीपाशी फिरकले नाहीत. पण साहेब, मला एक कळत नाही. हे एवढं अवाढव्य मशीन का ठरवलं? घरगुती दोन घेतली तर पैसे तेवढेच लागतात. थोडे उरतातसुद्धा."

सगळे प्लेशांकडे बघायला लागले.

"मोठं फोटोत चांगलं दिसतं," प्लेशा म्हणाले.

त्यावर जे हसू उसळलं ते आधी गाज्यांच्या बाजूनं उसळलं, हे मी आजही त्यांच्या खात्यात जमा धरते. लुलुदी तर आता मोकळेपणी हसत होती, खरं हसू, आणि ते ऐकून टोप्यांखालूनही खुसखुस ऐकू यायला लागली. दोब्रेला मात्र ते सोसवेना.

"आणि कोणतं मशीन कशाचं, हे कोण बघणार?" तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी मारामारी होईल. मग पोलीस, मग आमच्याच बजेटमधून मलमपट्टी."

"तिथे एक म्हातारी बसवा," मी म्हटलं. "म्हातारी बायकांशीही बोलते आणि पुरुषांशीही. तिच्यापुढे कोणी वाद घालत नाही."

"अशी कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आउरिकाबाई लिहायला लागल्या. "अर्धवेळ देखरेख. उरलेल्या पैशांत बसतं."

"पगारी?" मागून बीबी साफ्तानं विचारलं.

"पगारी."

बीबी ताडकन उठली. "मग मीही म्हातारी आहे. केव्हाची आहे. हिच्या कितीतरी आधीपासून."

"बसा, मावशी," आउरिकाबाई म्हणाल्या. "एकाच म्हातारीची तरतूद आहे."

मत घेतलं गेलं. कारंज्याला दोब्रेचा एकट्याचा हात, आणि तोसुद्धा आधीपासून वर राहिलेला म्हणून. इतिवृत्तात आउरिकाबाईंनी लिहिलं, की नागरिक झाम्फिरा यांनी आपण म्हातारी असल्याचं सभेपुढे जाहीर केलं, सभेनं त्याची नोंद घेतली, आणि मशिनं दोन मंजूर झाली.

उतरायची वेळ झाली. बुर्चा आणि पुरुष आधी खाली गेले होते. खालून त्याची हाक आली, "थांब, झाम्फिरा, आम्ही रस्त्यावर निघतो, मग उतर."

"राहू दे," मी म्हटलं. "आता गरज नाही."

आणि मी त्या सगळ्या टोप्यांच्या डोक्यावरून, लाकडी जिन्यानं, टकटक करत उतरले. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा. इतकं हलकं वाटत होतं की शेवटच्या पायऱ्या मी उड्या मारत उतरले, आणि शिपाई म्हणाला, "आजी, जपून." ती पहिली आजी. मी त्याला पापी देणार होते, पण तो मागे सरला.

घरी जाताना बुर्चा माझ्या दोन पावलं पुढे चालत होता.

"तू म्हातारी," पुलावर तो म्हणाला, "मग मी कोण?"

"तू म्हातारीचा नवरा."

त्यानं खिसा चाचपला. मग पाइप भरला, पेटवला, एक झुरका घेतला आणि माझ्या हातात दिला. "घे, म्हातारे. आता तुला चालतो." मला असा ठसका लागला की मी कठड्याला धरून खोकत राहिले, बुर्चा माझी पाठ थोपटत राहिला, आणि मागून येणारी लुलुदी पुलाच्या मधोमध बसून पोट धरून हसत राहिली. रिस्त्या तिला म्हणत होता, "ऊठ ग, थंडी आहे." ती म्हणाली, "कपडे मीच धुणार आहे ना, गरम पाण्यानं. बसू दे मला."

ईस्टरला रिस्त्या आणि लुलुदीनं इटलीच्या बसकडे बघून हात हलवले, वस्तीतल्या दुसऱ्या पोरांना निरोप द्यायला. मे महिन्यात धुणंघर उघडलं. फीत कापायला प्लेशा आले आणि दोन लहान मशिनांच्या मधे दोन्हीकडे हात पसरून उभे राहिले, तरी फोटोत मशिनांपेक्षा त्यांचं पोटच मोठं आलं. त्यांनी समारंभासाठी सभेच्या टेबलावरचं कापड आणलं होतं आणि ते डावीकडे, घागऱ्यांच्या मशीनमध्ये, कोंबायला निघाले. मी त्यांच्या मनगटावर चापट मारली. "उजवीकडे, साहेब." प्लेशा म्हणाले, "हो आजी," आणि उजवीकडे गेले. तेव्हापासून गावात कोणी मला नावानं हाक मारलेली नाही.

पुतणीच्या लग्नात मी नाचले नाही. त्या आणलेल्या लाल कापडाचा घागरा लुलुदीनं शिवला. ती नाचत होती तेव्हा मी पुरुषांच्या टेबलाशी बसून ताल धरत होते, आणि कोपराशी बुर्चाचा पाइप होता. तिच्या हातांवरच्या भेगा तोवर मिटल्या होत्या.

आता बुर्चा नाही. बीबी साफ्ता गेली, शेवटपर्यंत तरुण. मशिनं तिसऱ्यांदा बदलली, आणि दर हिवाळ्यात फलकावर बजेट लागतं तेव्हा त्यात ती ओळ अजून असते. नवीन हिशेबनीसही ती तशीच उतरवून घेतो, अर्धवेळ म्हातारी, एक. मी उजव्या मशीनपाशी खुर्ची टाकून बसते आणि पाणी फिरताना ऐकते. गुडघे आता खरोखरच ठरावाप्रमाणे वागायला लागलेत. धुणंघराची किल्ली कोणाला तरी द्यायला हवी.

लुलुदीला नुकताच नातू झाला. काल मी तिला म्हटलं, "गुरुवारी सभा आहे. ऊठ आणि सांग."

"काय सांगू, आई?"

"तुला माहितीय काय ते."

"मी?" तिनं लाल घागऱ्याचा घोळ सारखा केला, नातवाला छातीशी घेतलं. "मी कुठे म्हातारी?"

आउरिकाबाईंचा काळा स्कार्फ मी धुऊन, उजवीकडेच अर्थात, इस्त्री करून तिच्या पेटीवर ठेवून आले. आज सकाळी तो माझ्या उशीवर होता, घडी घातलेला, आणि वर एक बिस्किट, एप्रिलच्या मंडपातल्यासारखं. भिंतीपलीकडून ती गात होती. मी बिस्किट खाल्लं आणि स्कार्फ परत नेऊन ठेवला.